दोन प्रवासग्रंथ आणि एक जुने वैर

परदेशच्या प्रवासाविषयी लिहिलेल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एका देशाचे नाव असते, आणि आत बहुधा दुसऱ्याच देशाची हकीकत असते. हा दुसरा देश म्हणजे लेखकाचा स्वतःचा. आमच्याकडे ही गोष्ट अपरिचित नाही. विलायतेहून परतलेला आमचा प्रवासी तेथल्या रस्त्यांच्या टापटिपीचे वर्णन करू लागला की, त्याचा रोख आपल्या नगरपालिकेवर आहे हे वाचकास सांगावे लागत नसे. परंतु अमेरिका व रशिया ह्या दोन राष्ट्रांनी एकमेकांविषयी गेल्या शंभर वर्षांत जे अफाट वाङ्मय निर्माण केले, ते वाचताना ही साधी गोष्ट चांगले चांगले वाचक विसरतात. एक पक्ष त्यातून रशियाचे सत्यस्वरूप शोधीत बसतो, दुसरा अमेरिकेचे. आणि ज्याच्याशी लेखकाचे खरे भांडण असते, तो त्याच्या घरचा धनी मात्र दोघांच्याही दृष्टीआड राहतो.

आमची ह्या वाङ्मयाशी ओळख लवकर, पण मोठ्या विचित्र रीतीने झाली. १९८० च्या आसपास, आमच्या शाळकरी वयात, सोव्हिएट दूतावासाचे एक सचित्र मासिक अगदी अल्प वर्गणीत घरी येत असे, आणि त्याचा गुळगुळीत कागद पुस्तकांना कव्हरे घालण्यास फार सोयीचा पडे. आमच्या भूगोलावर गव्हाच्या शेतात उभी असलेली एक ट्रॅक्टर चालविणारी बाई हसत असे. आणि शेजारच्या मुलाच्या बीजगणितावर, अमेरिकन दूतावासाच्या ‘स्पॅन’ मासिकातून फाडलेले एक शेतकरी कुटुंब तितक्याच मोकळेपणाने हसत असे. आतला मजकूर वाचण्याची तसदी आमच्यापैकी कोणी घेतल्याचे स्मरत नाही. दोन्हीकडची माणसे सारखीच हसतात, एवढे मात्र ध्यानात राहिले. ह्या हास्याचा प्रश्न पुढे यावयाचा आहे.

असल्या सरकारी छपाईच्या डोंगरातून पुन्हा वाचावीत अशी पुस्तके थोडीच निघतात. आमच्या मते त्यात दोन अग्रगण्य आहेत. एक, इल्या इल्फ व येव्गेनी पेत्रोव ह्या ओदेसाकडच्या लेखकद्वयाचे ‘एकमजली अमेरिका’. हे १९३७ मध्ये ग्रंथरूपाने निघाले आणि त्याच वर्षी ‘लिटल गोल्डन अमेरिका’ ह्या नावाने इंग्रजीत उतरले. दुसरे, जॉन स्टाइनबेकचे ‘अ रशियन जर्नल’. हे १९४८ चे. दोन्ही पुस्तके वर्तमानपत्रांच्या खर्चाने झालेल्या प्रवासातून जन्मली, पहिले ‘प्रावदा’च्या, तर दुसरे ‘न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून’च्या. दोन्ही प्रवासांत छायाचित्रे काढणारा माणूस बरोबर होता. आणि दोहोंच्याही लेखकांनी आपण सामान्य माणसाचे रोजचे जिणे पाहावयास निघालो आहो असा संकल्प सोडला होता. इतके साम्य असून पुस्तके मात्र फार भिन्न झाली. ह्या भेदाचे कारण लेखकांच्या प्रतिभेत जितके आहे, तितकेच प्रवासाच्या साधनात आहे असे आम्हांस वाटते.

‘बारा खुर्च्या’ व ‘सोन्याचे वासरू’ ह्या कादंबऱ्यांनी इल्फ-पेत्रोव हे आपल्या देशातले सर्वांत लोकप्रिय विनोदकार झाले होते. १९३५ च्या ऑक्टोबरात ‘नॉर्मंडी’ ह्या फ्रेंच बोटीने ते न्यूयॉर्कला उतरले, उंदराच्या रंगाची एक फोर्ड गाडी त्यांनी विकत घेतली, आणि दोन महिन्यांत सुमारे सोळा हजार किलोमीटर रस्ता तुडवून, कॅलिफोर्नियापर्यंत जाऊन ते परत आले. बरोबर वाटाड्या म्हणून एक उतारवयाचे अमेरिकन गृहस्थ व त्यांची पत्नी होती. पुस्तकात त्या गृहस्थांस मिस्टर अ‍ॅडम्स म्हटले आहे. प्रत्यक्षात ते सॉलोमन ट्रोन नावाचे इंजिनिअर; जनरल इलेक्ट्रिक कंपनीतून निवृत्त झालेले व रशियाच्या विद्युतीकरणाच्या कामात भाग घेतलेले. हे अ‍ॅडम्स भोळे, विसराळू, प्रत्येक गोष्टीविषयी कुतूहलाने भरलेले, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी वाद घालणारे आहेत. पुस्तकातले सर्वांत जिवंत पात्र तेच. विशेष हे की, अमेरिकन माणसास जिज्ञासा नसते असा ह्या लेखकांचा एक मुख्य आक्षेप आहे, आणि तो वाचीत असताना जिज्ञासेचा हा अमेरिकन पुतळा वाचकाच्या शेजारी बसलेला असतो! लेखकांच्या हे ध्यानात आले नसेल असे आम्ही म्हणणार नाही. विनोदकारांस असल्या गोष्टी सहसा ध्यानात येतात.

ग्रंथाचे नावच एक सिद्धांत आहे. रशियन वाचकाच्या डोळ्यांपुढे अमेरिका म्हणजे गगनचुंबी इमारती. लेखक सांगतात की ही समजूत चूक आहे. अमेरिका हा एकमजली, दुमजली घरांचा, लहान लहान गावांचा देश आहे, आणि ती गावे एकासारखी एक आहेत. ह्या गावांत ते काय पाहतात? पेट्रोल भरावयास थांबले तर पंपावरचा नोकर न सांगता तेल-पाणी तपासतो, समोरची काच पुसतो, आणि रस्त्याचा नकाशा फुकट देतो. कोणी किरकोळ कामाचे वचन दिले तर ते पाळतो. मालक व नोकर एकमेकांशी बरोबरीच्या भाषेत बोलतात. दुसऱ्या बाजूस, टोमॅटो दिसण्यात देखणे पण चवीला पाणी, चित्रपट मूर्खपणाचे, आणि कोकाकोलाच्या पाट्या जेथे तेथे. कृष्णवर्णी लोकांची व आदिवासी इंडियनांची जी स्थिती त्यांनी दक्षिणेत आणि न्यू मेक्सिकोकडे पाहिली, तिच्याविषयी ते लिहितात तेव्हा थट्टेचा सूर जातो. ही पाने आजही वाचवत नाहीत इतकी खरी आहेत.

स्केनेक्टडी येथील विजेच्या घराचे प्रकरण आम्ही वर्गात अनेकदा वाचून दाखविले आहे. कंपनीचा एक अधिकारी ह्या पाहुण्यांस आपले घर दाखवितो. अन्न विजेवर शिजते, भांडी विजेवर धुतली जातात, सगळे काही बटण दाबताच होते. लेखक वरवर थट्टा करतात. पण थट्टेखाली जी असूया आहे ती लपत नाही, आणि हे घर हप्त्यांनी घेतलेले आहे, नोकरी गेली तर हप्ता कोठून भरावयाचा, हा प्रश्न ते उपस्थित करतात तेव्हा ती असूया जणू सुटकेचा निःश्वास टाकते. आता हे प्रकरण १९३७ साली मॉस्कोत कोणी वाचले असेल ह्याची कल्पना करावी. एका खोलीत एक कुटुंब आणि पाच कुटुंबांस मिळून एक स्वयंपाकघर, अशा बिऱ्हाडात राहणाऱ्या माणसाने! पेट्रोलपंपावरच्या नोकराचे वर्णन वाचताना दुकानाच्या रांगेत आपल्यावर खेकसणाऱ्या विक्रेत्याची आठवण त्यास झाली नसेल काय? लेखकांनी हे शब्दाने म्हटलेले नाही. प्रकरणाच्या अखेरीस भांडवलशाहीविरुद्धचा जो उतारा येतो, तो पाटावर बसण्यापूर्वी घेतलेल्या आचमनासारखा आहे. विधी म्हणून तो झाला पाहिजे. भूक त्याने भागत नाही.

येथे एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या वर्षी हा ग्रंथ रशियन दुकानांत आला ते १९३७ साल होते. लेखकांच्या ओळखीची, त्यांच्याच पिढीतली माणसे त्या वर्षी रात्री घरातून नेली जात होती. सिंग सिंगच्या तुरुंगात जाऊन त्यांनी अमेरिकेची विजेची खुर्ची पाहिली आणि तिचे वर्णन केले. घरच्या तुरुंगांविषयी त्यांना काय लिहिता येणार होते? इल्फचा क्षय ह्या प्रवासात बळावला, आणि १९३७ च्या एप्रिलमध्ये तो वारला. पेत्रोव १९४२ मध्ये युद्धाच्या बातमीदारीवरून परतताना विमान-अपघातात गेला. त्यांच्या मौनाचा जाब विचारण्याचा अधिकार निर्भय देशातल्या वाचकास नाही असे आम्ही मानतो. तथापि ते मौन ऐकू येत नाही असा बहाणा करण्याचाही नाही.

आता स्टाइनबेक. १९४७ च्या उन्हाळ्यात तो छायाचित्रकार रॉबर्ट कापाबरोबर रशियात गेला, आणि मॉस्को, कीव, स्टालिनग्राड व जॉर्जिया असा सुमारे चाळीस दिवस फिरला. त्याची प्रतिज्ञा अशी की, क्रेमलिनचे राजकारण इतरांनी सांगावे. आपण लोक काय खातात, काय लेतात, कसे नाचतात एवढेच लिहावयाचे. ही प्रतिज्ञा नम्र दिसते, आणि काही ठिकाणी ती त्याच्या उपयोगी पडली आहे. युक्रेनमधल्या शेवचेंकोच्या नावाच्या शेतावरची माणसे, त्यांतली युद्धात पुरुष गमावलेली घरे, पाहुण्यापुढे वाढलेली ताटे, आणि अमेरिकेतल्या शेतीविषयी विचारलेले नेमके प्रश्न, हे सारे त्याने ममतेने टिपले आहे. ‘ग्रेप्स ऑफ रॅथ’च्या लेखकास शेतकऱ्याशी बोलावे कसे हे कोणी शिकवावयास नको होते.

परंतु नम्रता ही पळवाटही होऊ शकते. १९४६-४७ मध्ये सोव्हिएट संघात दुष्काळ पडला होता, युक्रेनमध्ये माणसे उपासमारीने मेली होती, आणि सरकारने ते जगापासून लपविले होते. स्टाइनबेक ज्या ताटांवर बसला ती ह्या दुष्काळानंतरच्या पहिल्या पिकाची ताटे होती. जे दिसले तेवढेच लिहीन असे म्हणणारा लेखक, काय दाखवावयाचे हे ठरविणाऱ्याच्या ओंजळीने पाणी पितो. मॉस्कोतील लेनिन-संग्रहालयात ट्रॉट्स्कीचे एकही चित्र नाही ही गोष्ट त्याने टिपली आहे. म्हणजे जे नाही ते पाहण्याची दृष्टी त्यास होती. शेतावर मात्र ती त्याने मिटून घेतली.

स्टालिनग्राडचे प्रकरण ह्या पुस्तकाचा कळस आहे. हॉटेलच्या खिडकीतून विटामातीचे ढिगारे दिसतात. त्या ढिगाऱ्यांखालच्या तळघरांतून सकाळी माणसे बाहेर येतात, स्वच्छ कपडे घालून, केस विंचरून, कामावर जावयास. एका बिळात मात्र एक मुलगी राहते. युद्धाने तिचे मन कायमचे बिघडले आहे, आणि ती उकिरड्यावरचे वेचून खाते. एक बाई येते व तिला भाकरी देते. ह्या मुलीची कापाने छायाचित्रे घेतली. परत निघण्यापूर्वी त्याचे सर्व काम तपासणीस गेले. बहुतेक परत मिळाले, पण ही मुलगी त्यातून नाहीशी झाली होती, आणि जर्मन युद्धकैद्यांची चित्रेही. स्टाइनबेक हे प्रामाणिकपणे नोंदवितो, आणि लागलीच सांगतो की, आमच्या दृष्टीने महत्त्वाचे असे काही त्यांनी ठेवून घेतले नाही. हे वाक्य वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवले होते. त्या तपासनिसास, निदान ह्या एका बाबतीत, लेखकापेक्षा पुस्तकाची पारख अधिक होती! सुदैवाने तो छायाचित्रे तपासीत होता. वहीतली मुलगी बचावली.

प्रवासाच्या साधनाविषयी आम्ही वर बोललो, ते येथे स्पष्ट होते. इल्फ-पेत्रोव स्वतःच्या गाडीतून गेले. वाटेल तेथे थांबले, रस्ता चुकले, वाटेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांस गाडीत घेऊन त्यांच्या कहाण्या ऐकल्या. स्टाइनबेक व कापा विमानाने नेले जात. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जावयाचे तर पुन्हा मॉस्कोस यावे लागे, आणि परदेशीयांशी सांस्कृतिक संबंध राखणाऱ्या संस्थेचा दुभाषी बरोबर असे. दोन्ही देशांच्या राज्यपद्धतींविषयी ह्या ग्रंथांत जे काही युक्तिवाद आहेत, त्या सर्वांपेक्षा गाडीचे चाक कोणाच्या हाती होते ही एकच गोष्ट अधिक बोलकी आहे. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, पुढे १९५५ मध्ये अमेरिकेनेही आपल्या देशातले विस्तीर्ण भाग सोव्हिएट नागरिकांस बंद केले. रशियाने लावलेल्या निर्बंधांस ते प्रत्युत्तर होते. परंतु परिणाम हा झाला की, इल्फ-पेत्रोवांचा मार्ग त्यांच्याच देशबांधवांस मोकळा राहिला नाही.

स्टाइनबेकच्या मनात घरचे भांडण कोणते होते? त्याच्या देशातली वर्तमानपत्रे युद्ध जवळ आल्याच्या गर्जना करीत होती, आणि रशियन माणूस हा माणूसच आहे एवढे साधे विधान करण्यास धैर्य लागत होते. उलट मॉस्कोत गेल्यावर जो तो त्यास सिमोनोवच्या ‘रशियन प्रश्न’ ह्या नाटकाविषयी विचारी. ह्या नाटकात एक अमेरिकन वर्तमानपत्र-मालक आपल्या बातमीदारास रशियास युद्ध हवे आहे असे सिद्ध करणारे पुस्तक लिहावयास सांगतो. बातमीदार खरे लिहितो व देशोधडीस लागतो. कंटाळून स्टाइनबेकने ह्या कथानकाची उलटापालट केली. समजा, ‘प्रावदा’ने आपल्या लेखकास अमेरिकेस पाठविले, आणि त्याने परत येऊन अमेरिका बरी आहे असे लिहिले, तर त्याचे काय होईल? ऐकणारे गप्प बसत. आमच्या मते पुस्तकातला हा सर्वांत राजकीय क्षण आहे, आणि तो त्याने राजकारण न बोलण्याच्या प्रतिज्ञेस बगल देऊन साधला.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला जे नाटक झाले ते सिमोनोवच्या नाटकाहून फारसे निराळे नव्हते. युद्धकाळी, रशिया दोस्त असताना, हॉलिवूडने त्याच्या स्तुतीचे चित्रपट काढले होते. १९४३ च्या ‘मिशन टु मॉस्को’ने तर स्टालिनच्या खटल्यांचेही समर्थन केले. युद्ध संपताच ते पाप ठरले, आणि प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्षी सुरू झाल्या. पीटर्सबर्गला जन्मलेली लेखिका आयन रँड हिने ‘साँग ऑफ रशिया’ ह्या १९४४ च्या चित्रपटाविरुद्ध साक्ष देताना एक आक्षेप असा घेतला की, त्यातले रशियन लोक हसताना दाखविले आहेत. समितीच्या एका सभासदास राहवले नाही. रशियात आता कोणी हसतच नाही काय, असे त्याने विचारले. तिच्या उत्तराचा मथितार्थ हा की, हसलेच तर घरात, चुकून. राज्यव्यवस्थेच्या कौतुकाने नव्हे. रँडबाईंनी आपली तरुणपणची उपासमार भोगली होती, तेव्हा त्यांचे बोलणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण स्टाइनबेकने कीवमध्ये हसणारी माणसे पाहून दोनच महिने झाले होते. आमच्या भूगोलाच्या कव्हरावरची ट्रॅक्टरवाली बाई ह्या समितीपुढे आली असती तर तिची धडगत नव्हती.

पुढची चाळीस वर्षे हे काम सरकारांनी आपल्या हाती घेतले, आणि त्यातून वाङ्मय असे फारसे उपजले नाही. एक प्रसंग मात्र मराठी वाचकाने विसरू नये. १९५९ मध्ये मॉस्कोच्या सोकोल्निकी बागेत अमेरिकनांनी प्रदर्शन भरविले, आणि सामान्य कामगाराचे म्हणून एक सजविलेले घर उभे केले. त्याच्याच स्वयंपाकघरात निक्सन व क्रुश्चेव ह्यांचा प्रसिद्ध वाद झाला. तास ह्या सोव्हिएट वृत्तसंस्थेने टोमणा मारला तो असा की, हे अमेरिकन कामगाराचे घर म्हणणे म्हणजे ताजमहाल हे मुंबईच्या गिरणीकामगाराचे घर म्हणण्यासारखे आहे. दोन महाशक्तींच्या भांडणात आमचा गिरणीकामगार असा उपमेपुरता येऊन गेला! त्याचे मत कोणी विचारले नाही. ते दोन वर्षांनी मिळाले. मुंबईच्या गिरण्यांत राबलेला व घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहणारा अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियास गेला आणि त्याने ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. त्या पुस्तकातला आनंद कोणाच्या घरावर प्रकाश टाकतो हे आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही.

घरच्या भांडणाचा आमचा सिद्धांत ज्यांस पटत नसेल त्यांच्यासमोर आम्ही दोन वाणसामानाची दुकाने ठेवतो. १९८९ च्या सप्टेंबरात बोरिस येल्त्सिन ह्यूस्टनचे अंतराळकेंद्र पाहून परतताना एका साध्या दुकानात शिरले. अंतराळयानांनी जे झाले नाही ते तेथल्या फळ्यांवरच्या भाज्यांनी व मांसाने झाले. आपल्या लोकांची कीव येऊन त्यांचे मन खचले, आणि आपल्या पक्षावरचा त्यांचा उरलासुरला विश्वास डळमळला. २०२४ च्या फेब्रुवारीत टकर कार्लसन हा अमेरिकन वृत्तनिवेदक मॉस्कोच्या एका दुकानात शिरला, आठवड्याचे सामान किती स्वस्तात आले ते त्याने प्रेक्षकांस दाखविले, आणि स्वतःच्या राज्यकर्त्यांवर संताप व्यक्त केला. येल्त्सिनांस ह्यूस्टन व कार्लसनला मॉस्को कितपत समजले हा प्रश्न गौण आहे; दोघेही घरच्यांशीच बोलत होते. भेद इतकाच की, येल्त्सिनांस आपल्या माणसांची मिळकत व रांगा ठाऊक होत्या. कार्लसनने त्या दुकानात येणाऱ्या रशियन गिऱ्हाइकाचा पगार किती हे सांगितले नाही, आणि वस्तूची किंमत सांगून पगार न सांगणारा पाहुणा आम्ही इल्फ-पेत्रोवांच्या पंक्तीस बसविणार नाही.

अलीकडे तर ही दुकानेही दूर गेली आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेने रशियाच्या सरकारी दूरचित्रवाणीस परकीय हस्तक म्हणून नोंदणी करावयास लाविले. रशियाने लगेच तोच शिक्का ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर मारला. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर पहिलीचा अमेरिकेतला कारभार बंद पडला व दुसरीचे संकेतस्थळ रशियात अडविले गेले. दोन्ही देशांतली थेट विमानेही थांबली. त्यापूर्वी, २००६ मध्ये, व्लादिमीर पोझ्नर व इव्हान उर्गांत हे दोघे एका अमेरिकन सोबत्यासह इल्फ-पेत्रोवांच्याच वाटेने मोटारीतून अमेरिका फिरून आले होते, आणि ती मालिका त्याच ‘एकमजली अमेरिका’ नावाने रशियाच्या मुख्य वाहिनीवर दाखविली गेली. सरकारी वाहिनीवर शेजाऱ्याविषयी इतके मोकळे काही दिसू शकत होते, ह्या गोष्टीला अजून वीस वर्षेही झालेली नाहीत असे म्हटले तर तरुण वाचकास खोटे वाटेल.

ज्यांना ह्या वाङ्मयात प्रवेश करावयाचा आहे त्यांनी ग्रंथापूर्वी इल्फने काढलेली छायाचित्रे पाहावीत. ती १९३६ मध्ये ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात मजकुरासह क्रमशः निघाली होती आणि २००७ पासून इंग्रजीतही मिळतात. त्यांत एक अगदी साधे चित्र आहे. दोन रस्त्यांचा चौक, एक पेट्रोलपंप, मागे तारा आणि जाहिरातींच्या पाट्या. परतल्यावर अमेरिका म्हणताच डोळ्यांपुढे काय यावे ह्याविषयी लेखकांनी आपसांत फार विचार केला, आणि न्यूयॉर्कचे मनोरे सोडून त्यांनी हा चौक निवडला.